समुद्रावरचा एक दिवस आणि घरच्यांचा हक्क

जवळच्या समुद्रावर एक दिवस जाऊन यावे अशी इच्छा घरात कोणी बोलून दाखवली, की आपल्याकडे साधारणपणे दोन उत्तरे ऐकू येतात. घरातले वडीलधारे विचारतात, त्यात दीनचा काय फायदा? तरुण मंडळी म्हणतात, वर्षातून एक दिवस तरी मोकळेपणी जाऊ द्या, तिथे मसले काढू नका. ही दोन उत्तरे परस्परविरोधी भासतात. परंतु त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. आनंद हा दीनच्या बाहेरचा प्रांत आहे, असे दोघेही गृहीत धरतात. एकाला तिकडे जायचे नाही आणि दुसऱ्याला तिकडे गेल्यावर दीन सोबत नको आहे, एवढाच काय तो फरक.

प्रिय वाचकहो, ही समजूत कुरआनातून आलेली नाही. सूरह जुमुआच्या अखेरच्या आयतीत ज्या प्रसंगाकडे निर्देश आहे, तो आपण अनेकदा ऐकला असेल. जुमाच्या दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) खुतबा देत उभे असताना मदिनेत व्यापारी काफिला आला आणि बहुतेक लोक त्याकडे धावले, प्रेषितांजवळ अवघे बारा जण उरले. या वर्तनावर अल्लाहने नापसंती दर्शवली. मनोरंजनाविरुद्ध बोलणारे वक्ते ही आयत हमखास वापरतात. मात्र तिच्यात खेळ-तमाशा आणि व्यापार या दोहोंचा उल्लेख एकत्र आहे. दोष होता तो नमाज व खुतबा सोडून जाण्याचा. त्याच सूरहमध्ये, एकच आयत आधी, नमाज आटोपल्यावर जमिनीवर पांगण्याची आणि अल्लाहची कृपा शोधण्याची आज्ञा आहे. या आयतीच्या आधारे आपण कोणाला दुकान बंद करायला सांगत नाही. मग मुलांची सहलच तेवढी संशयास्पद कशी ठरते?

'फायदा काय' या प्रश्नाचे उत्तर सूरह नहलमध्ये शोधावे. तेथे गुराढोरांविषयी सांगताना अल्लाहने प्रथम त्यांच्यापासून मिळणारी ऊब, अन्न व इतर लाभ मोजले आहेत. त्यानंतर लगेच, संध्याकाळी ती घराकडे परतताना आणि सकाळी चरायला निघताना त्यांच्यात मानवासाठी जे सौंदर्य आहे, त्याचाही देणगी म्हणून उल्लेख केला आहे. पाहून मन प्रसन्न होणे एवढाच ज्याचा उपयोग, तेही नेमतींच्या यादीत आले. पुढे चौदाव्या आयतीत समुद्र येतो: त्यातले ताजे मांस, त्यातून निघणारे अलंकार, पाणी कापीत जाणारी गलबते आणि शेवटी कृतज्ञतेची अपेक्षा. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहणारा किंवा मुरूडच्या किनाऱ्यावरून जंजिऱ्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या न्याहाळणारा मुलगा या आयतीचा अर्थ वर्गात बसलेल्या मुलापेक्षा लवकर समजेल, असे मला वाटते.

इथवरचा युक्तिवाद पुष्कळांना मान्य होईल. खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. आनंद जर दीनच्या आतला असेल, तर त्याला दीनचे नियमही लागू होतात, आणि दीनचा पहिला नियम न्यायाचा आहे. म्हणून सहल जायज की नाजायज, यापेक्षा ही सहल कोणाची झाली, हे विचारणे अधिक गरजेचे आहे.

हजरत सलमान (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांची हकीकत सहीह बुखारीत आहे. प्रेषितांनी (स.) त्या दोघांमध्ये बंधुत्वाचे नाते जोडले होते. सलमान एकदा अबू दरदांच्या घरी आले, तेव्हा त्यांच्या पत्नी उम्मे दरदा त्यांना अगदी साध्या, निगा न राखलेल्या वेशात दिसल्या. कारण विचारले, तेव्हा आपल्या भावाला या दुनियेत काही रसच उरलेला नाही, असे उत्तर मिळाले. अबू दरदा दिवसा रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. सलमान यांनी त्यांना रोजा सोडून आपल्यासोबत जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि बजावले की, तुमच्यावर तुमच्या रबचा हक्क आहे, तुमच्या शरीराचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे. ज्याचा त्याचा हक्क त्याला द्यावा. ही गोष्ट प्रेषितांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले.

या हकीकतीची सुरुवात कुठून होते, इकडे लक्ष द्या. एका पाहुण्याने घरातल्या स्त्रीच्या उदास अवस्थेची दखल घेतली. इतक्या थोर इबादतीच्या आड कोणाचा तरी हक्क बुडत होता, आणि तो त्यांना तिच्या वेशावरून कळला. शिवाय शब्द 'हक्क' हा आहे. हक्क दिला म्हणजे उपकार केला असे होत नाही. न दिला तर मात्र कर्ज अंगावर राहते.

आता आपली एखादी सहल डोळ्यांपुढे आणा. म्हसळ्याचे कुटुंब श्रीवर्धनला किंवा दिवेआगरला जाणार आहे, चिपळूणचे गुहागरला. निघायचे सकाळी सातला. घरातली स्त्री पहाटे तीनला उठलेली असते. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचे कालवण, लहानग्याचे दूध, सासूबाईंची औषधे, सर्वांचे बदलायचे कपडे, जानमाजा आणि पाण्याच्या बाटल्या यांची बांधाबांध करता करता तिची फजर होते. किनाऱ्यावर पोहोचल्यावर पुरुष आणि मुले पाण्याकडे धावतात. ती सुरूच्या सावलीत चटई अंथरते, चपलांचे जोड मोजते, मोबाइल आणि पाकिटे ओढणीखाली घेऊन बसते. दुपारी वाढते, खरकटी भांडी आवरते, ओल्या मुलांना पुसते. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर सगळ्यांचे वाळूने भरलेले कपडे तिचीच वाट पाहत असतात. दिवसभर तिच्या पायाला पाणी लागलेले नसते. एवढे झाल्यावर कोणीतरी म्हणते, बघ, तुलाही फिरवून आणले!

आणि कित्येक घरांत तर कोणीतरी मागे राहायलाच हवे असते. बहुधा ती आजी असते, नाहीतर नवी सून.

स्त्री पाण्याकडे का जात नाही, असे विचारले तर उत्तर तयार असते: हया. हया ईमानची शाखा आहे, तिच्याविषयी तडजोड नाही. मात्र जिच्या हयेविषयी आपण बोलतो, तिच्यासाठी प्रेषितांनी (स.) काय केले, हेही पाहायला हवे. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की एका प्रवासात प्रेषितांनी सोबतच्या लोकांना पुढे जाण्यास सांगितले आणि मग त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. त्या वेळी आयेशा सडपातळ होत्या, त्या जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर, अशाच एका प्रवासात पुन्हा शर्यत झाली आणि प्रेषित जिंकले. मागच्या हारजितीची फेड झाली, असे ते हसत म्हणाले. शर्यतीची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मात्र लोकांना पुढे पाठवण्याचा भाग भरभर ओलांडतो. माझ्या मते सारा धडा तिथेच आहे. काफिल्यात परपुरुष होते, म्हणून पत्नीला गप्प बसवले गेले नाही. पुरुषांना पुढे पाठवले गेले आणि तिच्यासाठी मोकळी जागा तयार झाली. परदा राखण्याचे कष्ट पुरुषांच्या पायांवर पडले, तिच्या आनंदावर नाही.

दुसरा प्रसंग ईदचा. मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करीत होते. आयेशांना ते पाहायचे होते. प्रेषित स्वतः आडोसा होऊन उभे राहिले आणि त्यांच्या खांद्याआडून त्या पाहत राहिल्या. त्या स्वतः कंटाळेपर्यंत प्रेषित हलले नाहीत. वेळेचे माप पाहणाऱ्या स्त्रीच्या हाती होते. आपल्याकडे 'चला, आता निघू या' हे कोण ठरवते?

यावर कोणी म्हणेल, तो काळ वेगळा होता. आज रविवारी अलिबागच्या किंवा काशिदच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, मोबाइलचे कॅमेरे सगळीकडे रोखलेले असतात. ही अडचण खरी आहे आणि ती हलकी लेखण्यासारखी नाही. पण तिचे उत्तर व्यवस्थेत आहे. रविवार टाळून मधला वार धरता येतो. फजरनंतर लगेच पोहोचले तर किनारा जवळपास रिकामा असतो. कोकणातले अनेक किनारे मैल-दोन मैल लांब आहेत. वाहनतळापासून दहा मिनिटे चालण्याची तयारी ठेवली की गर्दी मागे पडते. दोन-तीन कुटुंबे एकत्र असतील तर तासभर पुरुषांनी सामान आणि लहान मुले सांभाळावीत, पाठ समुद्राकडे करून बसावे, आणि स्त्रियांना पाण्याकडे जाऊ द्यावे. एवढे करायला पैसा लागत नाही. प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, हे आयेशांनीच सांगितले आहे, तेव्हा भाकरी वाढण्याने किंवा डबे घासण्याने कोणाचा मान जाईल, ही भीती बाळगू नये.

खर्चाची सबबही पुष्कळदा स्त्रियांनाच सांगितली जाते. भाड्याची मोठी गाडी परवडत नसेल तर एस.टी. आहे, मार्च 2023 पासून तिच्यात स्त्रियांना निम्मेच भाडे पडते. कर्ज काढून, हॉटेलांत राहून, छायाचित्रांसाठी नवे कपडे शिवून केलेली सहल हा निराळा विषय. तो इस्राफ आहे आणि त्याविषयी दुमत नसावे.

एका बाबतीत मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्यांतली बरीच मुले-मुली आपल्याच घरांतली होती. प्राण ही अमानत आहे, आणि घरच्यांच्या हक्कांत त्यांच्या जिवाचे रक्षण सर्वांत आधी येते. आपल्या हातात चांद्र दिनदर्शिका असते, तिचा येथे उपयोग आहे. अय्यामे-बीजचे, म्हणजे 13, 14 व 15 तारखेचे रोजे जे ठेवतात, त्यांना उधाणाचे दिवस निराळे सांगायला नकोत. पौर्णिमेच्या आणि नव्या चंद्राच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते आणि ओहोटीची ओढही. या दिवसांत रायगडच्या किनाऱ्यावर भरतीचा भर दुपारच्या सुमारास येतो. म्हणजे जेवण आटोपून मुले पाण्यात उतरतात, नेमके तेव्हा पाणी आत खेचू लागलेले असते. जाण्याआधी गावातल्या एखाद्या कोळ्याला विचारावे. गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी जाऊ नये, आणि लांब बुरखा भिजला की फार जड होतो, हेही ध्यानात ठेवावे. सैल आणि जाड कापडाचा सलवार-कमीज व घट्ट बांधलेली ओढणी यांत परदाही राहतो आणि पायही मोकळे राहतात.

नमाजविषयी फार अडचण नाही. समुद्राचे पाणी पाक आहे, हे प्रेषितांनी सागरी प्रवास करणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना स्पष्ट केले आहे. पिण्याचे पाणी वुजूत संपवण्याची गरज नाही. जवळच्या किनाऱ्यावर गेलेल्याला कस्र लागू होत नाही. त्यासाठीचे अंतर उलेमांच्या हिशेबाने सुमारे 77 किलोमीटर किंवा थोडे अधिक धरले जाते, तेव्हा कोकणातले शाफई असोत की घाटावरचे हनफी, गुहागरला आलेल्या चिपळूणकराने जोहर आणि असर पूर्णच अदा करावी.

कोकणच्या किनाऱ्यावर किब्ला जवळजवळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की आपण किब्ल्याकडेच पाहत असतो. आपल्या आजोबा-पणजोबांना हाच समुद्र हजची वाट म्हणून ठाऊक होता. मुंबईहून जिद्द्याला जाणारी हाजींची जहाजे 1995 मध्ये बंद झाली. हिवाळ्यात सूर्य किब्ल्याच्या डावीकडे पाण्यात उतरतो. त्याचे बिंब पूर्ण बुडाले की मगरिबची वेळ सुरू झाली, हे मुलांना घड्याळाशिवाय, स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

तेव्हा ओल्या वाळूपासून जरा वर, कोरड्या जागी जानमाजा अंथराव्यात. मगरिबची वेळ तासाभराहून अधिक असते, म्हणून गाडी सुटण्याची घाई स्त्रियांवर लादू नये. शक्य असेल तर सगळ्यांनी मिळून जमात करावी, स्त्रियांची रांग मागे. लहान मुलांमुळे ते जमणार नसेल, तर पुरुषांनी सलाम फेरल्यावर झोपाळलेली मुले आपल्या खांद्यावर घ्यावीत, चपलांवर लक्ष ठेवावे, आणि मागे वळून न पाहता थोडे पुढे चालत जावे.