आठ टोकांचा क्रूस



सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकांच्या गणवेशावर आठ टोकांचा पांढरा क्रूस आपण पाहिला असेल. चार बाणांची टोके मध्यभागी एकत्र यावीत, तसा त्याचा आकार. त्याला माल्टाचा क्रूस म्हणतात. पण तो ज्यांचे चिन्ह झाला, त्या संघाची सुरुवात यरुशलेममधल्या एका रुग्णालयात झाली.

अकराव्या शतकात इटलीतील अमाल्फी गावच्या व्यापाऱ्यांनी तेथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. धन्यवादित जेरार्ड तिचे प्रमुख झाले. १११३ साली पोप पास्कल दुसरे यांनी त्यांच्या संघाला मान्यता दिली. या संघाच्या नियमाप्रमाणे आजारी माणूस हा 'स्वामी' आणि त्याची शुश्रूषा करणारा त्याचा सेवक.

पुढे याच बंधूंनी तलवारही हाती घेतली. १५३० मध्ये त्यांना माल्टा बेट मिळाले, तेथे त्यांनी मोठी युद्धे केली. १७९८ मध्ये नेपोलियनने त्यांना तेथून घालवले. आज त्या काळची चिलखते वालेटा शहरातील संग्रहालयात मांडलेली आहेत. रुग्णसेवा मात्र थांबलेली नाही. हा संघ आजही अनेक देशांत ती करीत आहे. तलवार संग्रहालयात गेली, सेवा टिकली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेऊ या. क्रूसाचा आजचा रेखीव आकार सोळाव्या शतकात रूढ झाला. त्याच्या आठ टोकांत प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली धन्यतेची आठ वचने पाहिली जातात: दीन, शोकग्रस्त, सौम्य, न्यायासाठी भुकेले, दयाळू, शुद्ध मनाचे, शांती करणारे आणि छळ सोसणारे. म्हणजे आजाऱ्यांची सेवा आधी घडली, तिला शोभेलसा अर्थ चिन्हाला नंतर लाभला.

आपले बहुधा उलट होते. गळ्यात क्रूस आधी येतो, गल्लीतल्या क्रूसापाशी मेणबत्तीही लागते, पण शेजारच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे जायला सवड होत नाही. त्याला 'स्वामी' मानायचे म्हणजे काय? त्याचे औषध आणून देणे, एखादी रात्र उशाशी जागणे, तेच गाऱ्हाणे दहाव्यांदा शांतपणे ऐकणे. घरच्यांनाही तेवढाच विसावा मिळेल.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने अशा एका तरी घराची पायरी चढू या. आपल्या गळ्यातल्या क्रूसाला आपल्या हातून अर्थ लाभावा, हीच प्रभूचरणी प्रार्थना. आमेन.