हाताने काय करावं, पैशाने काय आणावं

ठाणे,
चैत्र शुद्ध पंचमी

चि. ओंकार यास,


तुझी यादी मिळाली. काचेचा टँक, संप, स्किमर, चिलर, दिवे, डोसिंग पंप, लाइव्ह रॉक, मासे, कोरल. शेवटची बेरीज बघून तू हबकलास आणि यातलं घरच्या घरी काय करता येईल ते सांगा, असं लिहिलंस. नोकरीचं पहिलंच वर्ष, त्यात पुण्यातलं घरभाडं. तेव्हा पैसे जपायचा विचार योग्यच आहे. शिवाय खाऱ्या पाण्याचा टँक हाताने उभा करणाऱ्याला त्या पाण्यात नेमकं काय चाललंय ते कळतं, आणि हे कळणं विकत मिळत नाही.

पण यादीला हात घालण्याआधी एक नियम मनाशी पक्का कर. ज्या कामातली चूक हळूहळू वाढते, डोळ्यांना दिसते आणि सावरायला वेळ देते, ते काम घरी करावं. ज्या कामातली चूक एका रात्रीत सगळा टँक मारते किंवा घरातल्या माणसाच्या जिवावर येते, तिथे चांगली वस्तू विकत आणावी. खाली जे लिहितो आहे ते सगळं याच नियमाला धरून आहे.

सगळ्यात मोठी बचत कुठल्याही हत्याराने होत नाही, ती निवडीने होते. तू चार फुटी टँक धरला आहेस. त्याऐवजी ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४० उंच एवढाच घे. त्यात १०८ लिटर पाणी मावतं. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर साधारण अकरा लिटर. एका लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम सॉल्ट मिक्स लागतं, म्हणजे आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास. एवढं पाणी नियमाने बदललंस आणि मासे दोनच ठेवलेस, तर पहिल्या वर्षी स्किमरची गरज पडणार नाही. कोरलही मऊ जातीचे घे, मशरूम आणि झोअँथिड. त्यांना कडक प्रकाश लागत नाही आणि ते कॅल्शियमही फारसं ओढत नाहीत. अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी कोरलचा मोह धरलास की दिवे, डोसिंग, चिलर हे सगळं यादीत परत येईल.

आता पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि जुन्या नळांतून उतरलेलं तांबंही असू शकतं. तुझ्याकडे स्वयंपाकघरात आरओ आहेच. बहुतेक घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलं जातं, म्हणून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) पन्नास-साठ दिसतो. मेंब्रेनमधून येणारं पाणी मिसळण्याआधीच वेगळ्या नळीने काढून घे आणि पुढे डीआय रेझिनची एक नळकांडी जोड. टीडीएस शून्य येईपर्यंत ते पाणी टँकला वापरू नकोस. वेगळं यंत्र घेण्याचा खर्च इथेच वाचतो. मात्र ते पाणी पिण्यासाठी नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव.

समुद्राचं पाणी फुकट मिळतं, म्हणून मुंबईला आलास की चार कॅन भरून न्यावेत असं मनात येईल. तसं करू नकोस. आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या पाण्याने त्याची खारटपणाची पातळी खाली येते. स्वयंपाकाचं मीठही चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं, आणि कोरलला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळंच लागतं. सॉल्ट मिक्स चांगल्या प्रतीचंच घे.

स्वयंपाकाच्या मिठाचा एक उपयोग मात्र आहे. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घेशील, तो अधूनमधून तपासावा लागतो. त्यासाठीचं द्रावण विकत आणू नकोस. सोनाराच्या छोट्या काट्यावर ३.६५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६.३५ ग्रॅम शून्य टीडीएसचं पाणी तोलून मिसळ. ते रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ भाग प्रतिहजार दाखवायला हवं, कारण समुद्राच्या पाण्याइतकाच प्रकाश ते वळवतं. रिफ्रॅक्टोमीटर चुकीचं दाखवत असेल तर त्याचा स्क्रू फिरवून जुळव. ही युक्ती फक्त रिफ्रॅक्टोमीटरपुरती आहे. विद्युतवाहकता मोजणाऱ्या मीटरला हे द्रावण चालत नाही.

दगडाबद्दल जरा सविस्तर लिहितो. यादीत तू लाइव्ह रॉक लिहिला आहेस. तो खोड. आपल्या समुद्रातून तोडलेला प्रवाळखडक विकणं आणि घेणं हा गुन्हा आहे. २००१ पासून दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर आपल्याकडे स्वतःचं प्रवाळ आहे आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोणी कितीही स्वस्तात देऊ केलं, तरी ते घरात येता कामा नये.

दगड आपल्याला घरी करता येतो. एक भाग सिमेंट, चार भाग शिंपल्यांचा चुरा. हा चुरा कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो. त्यात दोन मुठी जाडं मीठ घाल, पाणी बेताचंच ठेव आणि ओल्या वाळूत खळगे करून त्यात ओत. दोन-तीन दिवसांनी काढून गोड्या पाण्याच्या टबात बुडव. मीठ विरघळून जातं आणि त्याजागी छिद्रं राहतात, जिवाणूंना राहायला तीच हवी असतात. नव्या सिमेंटमधून चुना उतरत असल्यामुळे पाण्याचा पीएच खूप चढतो. म्हणून पाणी बदलत राहा आणि पीएच ८.५ च्या खाली स्थिर होईपर्यंत थांब. सहा ते आठ आठवडे लागतात. इथे घाई करणाऱ्याचे मासे जातात. थांबायला तयार नसलास तर सुका दगड विकत घे, पण अर्धवट मुरलेला सिमेंटचा दगड टँकमध्ये घालू नकोस.

संप, म्हणजे मुख्य टँकखालचा पाण्याचा टँक, घरीच कर. दोन फुटी जुना, न गळणारा काचेचा टँक घे, त्यात काचेच्या दोन-तीन पट्ट्या सिलिकॉनने उभ्या लाव आणि पाणी नेण्या-आणण्यासाठी पीव्हीसीचे पाइप आणि एल्बो वापर. संप गळला तर ओल लगेच दिसते, पट्टी वाकडी बसली तरी फारसं बिघडत नाही. सिलिकॉन मात्र साधं, व्हिनेगरचा वास येणारं घे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये विष असतं. वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नकोस. आणि एकदा पंप बंद करून बघ, वरचं किती पाणी खाली उतरतं ते. तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. वीज गेल्यावर फरशीवर पाणी येतं ते ही चाचणी न केल्यामुळे.

मुख्य टँक मात्र काचवाल्याकडून करून घे. त्याचा जोड सुटला तर शंभर लिटर खारं पाणी भाड्याच्या घरात पसरेल आणि खालच्या मजल्यावरही उतरेल. इथे पैसे वाचवू नयेत.

चिलर आत्ता घेऊ नकोस. पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत साधा पंखाही पाणी थंड करतो. एक लिटर पाणी वाफ होताना इतकी उष्णता घेऊन जातं, की तेवढ्याने शंभर लिटर पाणी साडेपाच अंशांनी उतरावं. खोलीची उष्णता सतत परत येत असल्याने प्रत्यक्षात दोन-तीन अंश मिळतात. कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे संपवर तिरके बसव आणि तापमान २७ च्या वर गेलं की ते सुरू होतील असा थर्मोस्टॅट लाव. आमच्याकडे ठाण्याच्या दमट हवेत हा उपाय निम्माच पडतो, तुझ्याकडे चालेल. थंडीत मात्र रात्री हीटर लागेल, आणि तो चांगला घे. स्वस्त हीटर चालू अवस्थेत अडकला तर सकाळपर्यंत टँक शिजतो.

पंख्यामुळे रोज दोन-तीन लिटर पाणी उडेल. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या शून्य टीडीएस पाण्याची. त्यासाठी फ्लोट व्हॉल्व्ह लाव, पण तो पूर्ण प्लास्टिकचा बघून घे. कूलरच्या व्हॉल्व्हमध्ये बहुधा पितळ असतं, आणि पितळातलं तांबं कोरलला आणि कोळंबीला मारतं. भर घालायच्या पाण्याची वरची बाटली पाच लिटरचीच ठेव. व्हॉल्व्ह अडकला तरी पाचच लिटर खाली येईल आणि टँक वाचेल. घरी काही बनवताना नेहमी असं बघ, की बिघाड झालाच तर तो किती मोठा होऊ शकतो.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटीसाठी बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. पहिले काही महिने पाणी बदलण्यातूनच पुरेल. पुढे कोरल वाढले आणि अल्कलिनिटी सात डीकेएचकडे (हे तिचं एकक) घसरू लागली, की चुन्याची निवळी दे. खाण्याच्या प्रतीचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड एका लिटरला जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो. बाकीचा खाली बसू दे आणि वरचं स्वच्छ पाणी घे. पानाच्या डब्यातला चुना नको, त्यात काय मिसळलेलं आहे ते सांगता येत नाही. औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आण, तिच्या चाकाने थेंब हवे तितके हळू करता येतात. निवळी रात्री थेंबाथेंबाने पडू दे. एक लिटर निवळी शंभर लिटरमध्ये एकदम ओतली तर पीएच सुमारे अर्ध्या अंकाने उसळतो, तीच रात्रभरात गेली तर टँकला कळतही नाही. हात आणि डोळे सांभाळ, ती तीव्र अल्कली आहे.

त्याहून जास्त लागलं तर रँडी होम्स-फार्ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची जोडद्रावणाची कृती आहे. तिचा सौम्य प्रकार असा: एका बाटलीत लिटरभर पाण्याला ६६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि दुसरीत ७८ ग्रॅम खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे. दोन्ही सारख्याच मापाने, पण काही मिनिटांच्या अंतराने आणि वेगवेगळ्या जागी घाल, एकत्र झाली तर चुनखडी होऊन बसतील. सोड्याचं दहा मिलिलिटर द्रावण शंभर लिटरमध्ये अल्कलिनिटी साधारण पाव डीकेएचने वाढवतं. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त चढवू नकोस.

हे सगळं चाचणीच्या आधारावर चालतं, म्हणून टेस्ट किटवर पैसे वाचवू नकोस. अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट आणि सुरुवातीला अमोनिया व नायट्राइट, एवढे चांगले किट घे. न मोजता द्रावण घालणं म्हणजे बचत नव्हे.

विजेचं काम हा या छंदातला सगळ्यात धोकादायक भाग आहे. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं. टँकच्या सगळ्या सॉकेटना ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) वायरमनकडून बसवून घे, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एकदा लोंबती ठेवून मग वर ने, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जाणार नाही. दिवे घरी जोडायचे असतील तर कमी व्होल्टेजचा भाग तू कर, ड्रायव्हर तयार आणि बंदिस्त घे. बिलाचाही हिशोब आधीच मांड. चाळीस वॅटचं यंत्र दिवसरात्र चाललं तर महिन्याला २९ युनिट जातात. पंप निवडताना किमतीइतकेच वॅट बघ. वीज गेल्यावर प्राणवायूसाठी बॅटरीवरचा एक एअरपंप घरात असू दे.

मासे पाळणाऱ्यांकडून, प्रजनन केलेले घे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम केंद्रांनी क्लाउनफिशचं प्रजनन साधलं आहे. समुद्रातून धरलेल्या माशांपेक्षा असे मासे टँकमध्ये लवकर रुळतात. तरीही प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या प्लास्टिकच्या टबात चार-सहा आठवडे ठेव. एक स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो पुरतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टँकमध्ये शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून अडीच महिने टँक रिकामा ठेवावा लागतो. या टबाइतक्या स्वस्तात इतकं मोठं नुकसान टाळणारी दुसरी वस्तू नाही.

झोअँथिडचे तुकडे करून मित्रांशी अदलाबदल करशील, त्यात पैसे वाचतात. पण त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कापू नकोस, आणि त्यांचा दगड कधीही गरम पाण्यात उकळू नकोस. त्या वाफेने अख्खी घरंच्या घरं आजारी पडलेली आहेत.

आता क्रम सांगतो. या महिन्यात फक्त दगड ओत आणि आरओला रेझिन जोड. दगड मुरेपर्यंत संप कर, आरसीसीबी बसवून घे. मग टँक भरून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत जीव काही घालू नकोस. हे व्हायला आणखी महिना-दीड महिना जाईल. या काळात रोजचं तापमान आणि खारटपणा वहीत लिही. पंधरा दिवसांचे आकडे सरळ रेषेत आले, की वहीचा फोटो मला पाठव. तोपर्यंत मासा आणू नकोस, मग दुकानदार कितीही सूट देवो. समुद्रातल्या जिवाला तू चार काचांत ठेवणार आहेस. त्याला पळून जायला जागा नाही, तेव्हा त्याचं पाणी तो येण्याआधी स्थिर असणं हे तुझं काम आहे. पैशात जमेल तिथे काटकसर कर, वेळेत मात्र करू नकोस.

ताईला नमस्कार सांग. स्वयंपाकघरातल्या आरओला हात लावण्याआधी तिला विचार.

तुझा,
मामा