विमानातली एकादशी

एकादशी कोणत्या दिवशी धरायची ते सूर्योदयावर ठरते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी सरते. तिला कधी 20 तासही पुरतात, कधी 26 लागतात. तिथी लागण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीला एकच, सूर्योदय मात्र गावागणिक वेगळा. म्हणून मलकापुरात रविवारी असलेली एकादशी सॅन फ्रान्सिस्कोत शनिवारी असू शकते, आणि दोन्हीकडचे पंचांग बरोबर असते.

जमिनीवरच्या प्रवासात याची अडचण कधी आली नाही. मलकापूरहून पंढरपूर सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या आतच. आषाढात दोन्हीकडच्या सूर्योदयात नऊ-दहा मिनिटांचा फरक, तोही चालणाऱ्याच्या कित्येक मुक्कामांत विरून जातो. रात्रीच्या गाडीने मुंबईला उतरणाऱ्याला सूर्य सतरा-एक मिनिटे उशिरा दिसतो, इतकेच.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. थेट उड्डाणाला सोळा-सतरा तास लागतात. दोन्ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर असल्याने सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवालगत जाते. नेहमीची विमाने ती टाळतात. पण जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला ध्रुवावरून आले होते.

समजा, आषाढातल्या एका शनिवारी एकादशी भारतीय वेळेने दुपारी 4:30 ला लागते आणि रविवारी 4:10 ला संपते. मलकापूरचा माणूस शनिवारी दुपारी 2 वाजता मुंबईहून ध्रुवाच्या वाटेने निघाला. त्या दिवसांत ध्रुवाकडे सूर्य मावळतच नाही. खिडकीची झडप वर केली की ऊन आत येते, आणि संध्याकाळी 6 च्या सुमारास विमान उतरते तेव्हा तिथे शनिवारच असतो. निघण्यापूर्वी सकाळी त्याने पाहिलेला सूर्योदय दशमीचा. पुढचा, रविवारचा, द्वादशीचा. एकादशीचा सूर्योदय त्याच्या वाट्याला आलाच नाही. तेच विमान पूर्वेकडून पॅसिफिकवरून गेले असते, तर वाटेत रात्र पडून एकादशीचाच सूर्य उगवला असता.

मग व्रत बुडाले का? पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास लिहिलेल्या धर्मसिंधूत दशमीचा वेध, अरुणोदय, स्मार्त-भागवत भेद यांचा बारकाईने खल आहे. तो सगळा एका जागी राहणाऱ्या माणसाला धरून. संकल्पातही काळाबरोबर देश सांगावा लागतो: कोणता खंड, कोणत्या नदीचा कोणता तीर. ढगांवरच्या माणसाला तीर कुठला सांगणार! सूर्योदयालाच व्रताचा प्राण मानले, तर या प्रवाशाला एकादशी नव्हतीच. पण सूर्योदय ही दिवसाला नाव देण्याची सोय; उपवास आहे तिथीचा, आणि तिथी चंद्र-सूर्यातल्या अंतराची. ते अंतर विमानातही तेवढेच असते. हे दुसरे म्हणणे अधिक पटणारे आहे.

तसे धरले तर गणित सरळ होते. उड्डाणानंतर अडीच तासांनी तिथी लागते. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत पहाटेचे 4 वाजलेले असतात. तिथून पुढे त्याने जेवणाचा ट्रे परत केला, तर तो ज्या घरी उतरणार तिथल्या माणसांइतकाच उपाशी राहतो. रविवारी पहाटे 5:50 च्या सुमारास सूर्य उगवतो, आणि त्यानंतर सगळे मिळून पारणे करतात. मलकापुरात तेव्हा संध्याकाळचे 6:20 झालेले असतात. एकादशीची तिथी संपून दोन तास उलटले, तरी घरची माणसे अजून उपाशीच असतात.