भाडेकरूचं घर

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं. किंमत पडली सुमारे ३१ लाख पौंड. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते ते खुलं झालं. बाबासाहेब आंबेडकर या घराचे मालक कधीच नव्हते. १९२१-२२ मध्ये ते तिथे भाड्याने राहत होते, आणि दारावरच्या निळ्या गोल पाटीवर तीच दोन सालं कोरलेली आहेत.

आमच्या नागपूरच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एका मुलाने यावरच प्रश्न टाकला. एम.ए. करतो, वाचतो भरपूर. त्याचं म्हणणं असं: संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं की तिचा शेवट हुकूमशाहीत होतो. आपण आत्मा मानत नाही, सगळं अनित्य मानतो. मग शंभर वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या खोलीत नेमकं काय उरलंय, ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजले? वडीलधारी मंडळी दुखावली. एकजण तर उठूनच गेले. मला मात्र तो प्रश्न खरा वाटला आणि अजून वाटतो. चाळीसेक वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात घालवल्यावर एवढं कळतं की उद्धट वाटणारे प्रश्न बहुतेक वेळा नीट वाचणारी मुलंच विचारतात.

आमच्या आजीने १९५६ साली दीक्षाभूमीवर धम्म घेतला आणि घरातला देव्हारा उतरवला. त्यानंतर आमच्याकडे कधी वास्तुशांत झाली नाही. जमिनीखाली वास्तुपुरुष झोपलाय, भिंतींना पाप-पुण्य चिकटतं, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, हे आम्ही सोडलं. म्हणून किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेबांचा ‘वास’ आहे असं कोणी म्हणालं की मी थांबते. ते आपलं नाही. चोरदरवाज्याने परत आलेली जुनीच समजूत आहे.

पण मग दुसरं टोक गाठून, विटा त्या विटाच, असंही म्हणता येत नाही. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध स्वतः आपल्या शिष्याला, आनंदाला, चार ठिकाणं सांगतात: जन्माचं, बोधीचं, पहिल्या उपदेशाचं, परिनिर्वाणाचं. श्रद्धा असलेल्याने ती पाहावीत, कारण ती पाहून संवेग जागा होतो. संवेग म्हणजे माणूस मुळापासून हलणं, आपण काय करत बसलोय याची जाणीव होऊन घाई सुटणं. तिथे देव राहतो असं बुद्ध म्हणत नाहीत. त्या जागेचं मोल पाहणाऱ्याच्या आत काय हलतं त्यावर ठेवलंय.

कालिंगबोधी जातकात हीच गोष्ट अधिक बारकाईने येते. बुद्ध चारिकेला गेले की जेतवनात लोक फुलं घेऊन येत आणि रिकाम्या कुटीच्या दाराशी ठेवून जात. आनंद विचारतो, चैत्य किती प्रकारचे? उत्तर: तीन. शरीराचे अवशेष असलेलं शारीरिक, वापरलेल्या वस्तूचं पारिभोगिक आणि आठवणीसाठी उभं केलेलं उद्देशिक. शारीरिक परिनिर्वाणानंतरच शक्य. उद्देशिकाला आधार फक्त मनाचा. म्हणून बुद्ध हयात असताना त्यांच्या जागी बोधिवृक्ष चालेल, कारण तो त्यांनी वापरलेला आहे. मग त्या झाडापासून जेतवनात रोप वाढवलं गेलं.

मी भाचीकडे हॅरोला गेले होते तेव्हा किंग हेन्रीज रोडवरचं ते घर पाहिलं. वरच्या खोलीत पलंग आहे, पुस्तकं मांडलीत, शेजारी चष्मा ठेवलाय. माझ्याबरोबर आलेल्या एक बाई चष्म्यापुढे वाकल्या. पण घर २०१५ साली घेतलं. ९३ वर्षं तो चष्मा तिथे बाबासाहेबांची वाट पाहत बसला नव्हता, नंतर आणून ठेवलाय. जातकाच्या भाषेत तो उद्देशिक. जिना तेवढा पारिभोगिक. तो त्यांनी रोज वापरला असणार, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयातून दिवसभर वाचून परत येताना. मी जिन्यावरच जास्त वेळ उभी राहिले.

आणि तिथे मला बडोदा आठवलं. १९१७ साली, कोलंबियातून आणि लंडनमधून शिकून आलेला हा माणूस महाराजांच्या नोकरीत रुजू झाला तेव्हा त्याला शहरात खोली मिळेना. शेवटी एका पारशी मुसाफिरखान्यात पारशी नाव लावून, रोजचा दीड रुपया भरून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत निघून जायला बजावलं. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापली अडचण सांगितली. ते बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे १९२० मध्ये लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला गेले, तेव्हा पैशाला हातभार लावणाऱ्यांत शाहू महाराज होते आणि नवल भथेना हा पारशी मित्रही होता. जातीचा हिशेब एका माणसावर मांडू नये, हे इथे आपोआप दिसतं.

लंडनच्या घरमालकांनी त्या काळी सावळ्या माणसांना सरसकट दार उघडलं असं मुळीच नाही. पण इथे त्यांना खोटं नाव लावावं लागलं नाही. इथल्या मुक्कामाच्या काळातच त्यांची एम.एस्सी. झाली, बॅरिस्टरीची सनद मिळाली, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध तयार झाला, ज्यावर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. मुंबईत रमाबाई परळच्या बीआयटी चाळीत संसार ओढत होत्या. त्या चाळीशिवाय ही लंडनची खोली अर्धीच आहे, आणि आमची मंडळी लंडनचे फोटो काढताना ती विसरतात याचं मला वाईट वाटतं.

जिन्यावर उभं राहून माझ्या आत जे हललं ते हे: भाड्याने मिळालेली एक खोली माणसाला काय करू देते. त्याआधी मला घर म्हणजे मालकी वाटायचं. आम्ही तीन पिढ्या पट्ट्यासाठी धडपडलो, सात-बारावर नाव यावं म्हणून भांडलो. ती धडपड चूक नाही, माझ्या वडिलांची तर मुळीच नाही. पण इथे मालकीचा काही संबंधच नव्हता. दार आतून लावता येणं, दिवा लावून वाचता येणं आणि कोणी लाठ्या घेऊन न येणं, एवढंच लागलं.

पुढची गोष्ट मला फार विचार करायला लावते. २०१८ मध्ये तिथल्या कॅम्डन कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली. शेजाऱ्यांची तक्रार गर्दीची आणि गोंगाटाची होती. कौन्सिलचं म्हणणं होतं की राहण्याची जागा कमी होते. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यावर जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्री रॉबर्ट जेन्रिक यांनी परवानगी दिली. आमच्याकडे पेढे वाटले गेले, मीही खाल्ला. शेजाऱ्यांच्या तक्रारीतला सूर मला आवडला नव्हता. पण कौन्सिलचा मुद्दा मनातून जात नाही: हे घर माणसांनी राहण्यासाठी आहे. पारिभोगिक या कल्पनेच्या पोटात तेच आहे. वापरामुळे जी जागा मोलाची झाली, तिचा तोच वापर बंद करून तिचा मान कसा राखायचा?

त्या मुलाला मी अनाथपिंडिकाची गोष्ट सांगितली. श्रावस्तीच्या या व्यापाऱ्याला भिक्षुसंघासाठी जेत राजकुमाराची बाग, म्हणजे पुढचं जेतवन, हवी होती. जेत म्हणाला, जमिनीवर कोटींनी नाणी अंथरलीस तरी देणार नाही. हा म्हणाला, म्हणजे भाव ठरला, बाग माझी. भांडण अधिकाऱ्यांपुढे गेलं आणि त्यांनी निकाल दिला की भाव बोललास त्याअर्थी विकलीस. मग गाड्या भरभरून सोनं आलं. भरहुतच्या कठड्यावर हा प्रसंग कोरलेला आहे, कोलकात्याच्या संग्रहालयात पाहायला मिळतो: सोडलेले बैल, आणि चौकोनी नाणी जमिनीवर शेजारी शेजारी मांडणारी माणसं. दाराजवळ थोडी जागा नाण्यांशिवाय राहिली, ती जेताने आपणहून दिली आणि तिथे दरवाजाची इमारत बांधली.

एवढं सोनं ओतलं म्हणून अनाथपिंडिकाला कोणी भोळा म्हणत नाही. मुलाने विचारलं, का नाही? कारण तिथे माणसं राहिली, मी म्हणाले. परंपरा सांगते, बुद्धांनी स्वतः जेतवनात १९ वर्षावास काढले. भिक्षू राहिले, उपदेश झाले, वाद झाले, आजारी पडलेल्यांची सेवा झाली. किंमत वसूल झाली ती राहण्यातून.

बाबासाहेबांचं स्वतःचं वागणं याच बाजूचं आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर पहिल्या कामांत सोलापूरचं वसतिगृह होतं, १९२५ साली. दादरला राजगृह बांधलं तेव्हा घराचा मोठा भाग पुस्तकांना दिला. ज्याला जागा नाकारली गेली होती त्याने हाती काही आल्याबरोबर दुसऱ्यांना जागा दिली.

आता महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन आमच्या वस्त्यांमधली पोरं दरवर्षी लंडनला जातात. तिथलं भाडं त्यांना खाऊन टाकतं. एका मुलीने मला सांगितलं, शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला तेव्हा ती मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपत होती. हे ऐकल्यापासून माझं मत पक्कं झालंय. खालचा मजला संग्रहालयासाठी ठेवावा. वरच्या खोल्यांतला तो पलंग आणि चष्मा काढावा, आणि तिथे दोन-तीन विद्यार्थ्यांना एकेक वर्ष बिनभाड्याने राहू द्यावं. त्यांनी आपलं शिकावं आणि सुटीच्या दिवशी येणाऱ्यांना घर दाखवावं. कॅम्डनची परवानगी पुन्हा मागावी लागेल. पण या वेळी त्यांच्याच मुद्द्यावर मागता येईल. सामाजिक न्याय विभागाला मी तसं पत्र लिहिलंय, त्या मुलाने त्याखाली सही केली, आणि जे रविवारी उठून गेले होते त्यांनीही.