दानाचे पात्र आणि गायीचे पोट

मार्गशीर्ष लागला की आमच्या सांगली भागात दानधर्माला बहर येतो. गीताजयंती होते, दत्तजयंतीला औदुंबर आणि नरसोबाची वाडी माणसांनी फुलून जातात, मिरजेकडे नाताळ होतो, मग भोगी आणि संक्रांत. मुलांना सुट्टी, घरात गोडधोड, आणि थंडीमुळे कुडकुडणारे जीव डोळ्यांपुढे. या दिवसांत माणसाचा हात सैल सुटतो, आणि सुटावाच. दारी आलेल्या गायीला गूळपोळी, गल्लीतल्या कुत्र्याला केकचा तुकडा, असे चालू असते. याविषयी एक प्रश्न कीर्तन आटोपल्यावर आम्हांस पुष्कळदा विचारला जातो : “महाराज, भाव शुद्ध आहे ना? मग पुण्य लागणारच की!” विचारणाऱ्याचे मन निर्मळ असते यात शंका नाही. तरी आमच्याने ‘हो’ म्हणवत नाही.

भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितले, त्यात देश, काल आणि पात्र पाहावे असे म्हटले. पात्र म्हटले की आपण लगेच घेणाऱ्याची लायकी तपासू लागतो. हा विद्वान आहे का, हा व्यसनी तर नाही ना, वगैरे. तेही योग्य. पण वाचकहो, पात्र या शब्दाचा साधा अर्थ भांडे. ‘पा’ म्हणजे पिणे, या धातूपासून तो साधतात. ज्याने प्यावे ते पात्र. तांब्याच्या भांड्यात ताक घातले तर ताकही कळकते नि भांडेही. दोष ताकाचा नाही, भांड्याचाही नाही. घालणाऱ्याने पाहिले नाही एवढेच. तेव्हा मुक्या जनावराच्या बाबतीत पात्र पाहणे म्हणजे त्याची लायकी पाहणे नव्हे, त्याचे पोट पाहणे.

आता गायीचे पोट कसे असते? ती रवंथ करणारी. पोटाचे चार कप्पे, त्यांतला पहिला चांगला शंभर लिटरच्या घरातला. या कप्प्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात आणि तेच कडबा-गवत कुजवून तिला पचवून देतात. खरे म्हणजे गाय त्यांना जेवू घालते आणि ते गायीला. अशा पोटात एकदम भात, पोळ्या, पीठ, गूळ पाटीभर गेला की दुसऱ्याच जातीचे जीव माजतात, आंबट तयार होऊ लागते, कडबा पचवणारे मरतात, पोटाची हालचाल थांबते. अंगातले पाणी पोटात ओढले जाते, जनावर बसते ते उठत नाही. एकदोन दिवसांत खेळ आटोपतो. देणाऱ्याला पत्ताही नसतो, कारण त्याने एकच पोळी दिलेली असते. पण त्याच गल्लीतल्या चाळीस घरांनीही एकेक दिलेली असते!

फार लांब जायला नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोल्हापूरजवळ कणेरी मठावर मोठा लोकोत्सव चालू असताना तिथल्या गोशाळेतल्या गायी दगावल्या. संख्या पन्नासच्या वर असल्याचे आणि उरलेले शिळे अन्न खाण्यात आल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. कुणावर बोट ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या गायींचे कुणाला वाईट करायचे होते, असे म्हणायला जीभ धजणार नाही. पण वाईट हेतू कुठेच नसताना एवढी गुरे जातात, हाच तर आमचा मुद्दा. देव भावाचा भुकेला आहे हे खरे. गाय मात्र वैरणीची भुकेली आहे. देवापुढचा नियम जनावरापुढे लावला की घोटाळा होतो.

कुणी म्हणेल, मग शास्त्राने गोग्रास कशाला सांगितला? अहो, शब्दच पाहा. ग्रास म्हणजे घास. शास्त्राने घास सांगितला, घमेले नव्हे.

संतांच्या कथा या दृष्टीने पुन्हा ऐकाव्यात. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, असे आपण सांगतो आणि लोक माना डोलावतात. महाराजांनी काय पाहिले? कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल, हे पाहिले. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. गाढवाला पाणी हवे होते, त्यांनी पाणीच दिले. (पशुवैद्य सांगतात की कुत्र्याला फार स्निग्ध सोसत नाही, तेव्हा कथेतली वाटी उचलू नये, धावणे उचलावे.)

आणि आपल्या जिल्ह्याची तर एक खास गोष्ट आहे. तासगाव-सांगलीचा बेदाणा देशभर जातो. घरोघरी डबा भरलेला, पाहुण्याला मूठभर देण्याची रीत. तोच बेदाणा आणि तीच द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. कुठल्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नाही. एखाद्याला थोडेसेही पुरते. शिऱ्यातून, केकमधून तो नकळत पोटात जातो. चॉकलेट, कांदा, लसूण हेही त्याला नकोत. मुलांना हे आईबापांनी सांगून ठेवावे, कारण सुट्टीत गल्लीतल्या कुत्र्याशी गट्टी त्यांचीच असते. उलट्या सुरू झाल्या तर घरगुती काढा करीत बसू नये, लागलीच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

जीवच भेट म्हणून देण्याची एक नवी चाल निघाली आहे. वाढदिवसाला, नाताळाला टोपलीत घालून पिलू द्यायचे. पहिले चार दिवस कौतुक. परीक्षा जवळ आल्या की पिलू गच्चीवर, आणि उन्हाळ्यात रस्त्यावर. कठोपनिषदात नचिकेत्याच्या बापाने दक्षिणा म्हणून गायी दिल्या, त्या इतक्या थकलेल्या की त्यांचे पाणी पिऊन झालेले, गवत खाऊन झालेले. पोराच्या जिवाला ते लागले आणि तो बापाला विचारू लागला, मला कुणाला देता? तिथे देणाऱ्याने आपल्याला नको ते दिले; इथे आपण घेणाऱ्याला न झेपणारे देतो. हे पिलू बारा-पंधरा वर्षे जगणार. ज्या घरात ते जायचे, त्या घरच्या बाईला कुणी विचारले का?

मग द्यावे तरी काय? साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाडीचे बैल उभे असतात, त्यांना गूळपोळीपेक्षा बादलीभर पाणी द्यावे, आणि गाडीवानाला मागे लावायला चकाकणारी पट्टी. रात्री ट्रक येतो तो पट्टी पाहून थांबतो. थंडीत वासराखाली पाचट घालावे, अंगावर गोणपाट टाकावे. बंद गोठ्यात शेकोटी मात्र करू नये, धुराने जीव कोंडतो नि ठिणगीने गोठा पेटतो. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशात चारा छावण्या निघाल्या. शेतकऱ्याची खिल्लारे वाचली ती चारा-पाण्यावर. पक्वान्ने कुणी मागितली नाहीत. पांजरपोळात संक्रांतीचे दान न्यायचे असेल तर आधी जाऊन विचारावे. कधी ‘कडब्याच्या शंभर पेंढ्या द्या’ म्हणतील, कधी ‘हौद गळतो आहे, तेवढा बांधून द्या’. हौद बांधून दिला तर त्यावर नाव घालण्याचा आग्रह तेवढा धरू नये.