अंगठीचे वजन

दिवाळी सरते, तुळशीचे लग्न लागते आणि घराघरांतून साखरपुड्याच्या तारखा निघू लागतात. धनत्रयोदशीला सराफाच्या पेढीवर जी गर्दी उसळते, ती सारीच काही लक्ष्मीपूजनासाठी आलेली नसते. तिच्यातला मोठा भाग पुढच्या लगीनसराईचा असतो. या गर्दीत एक जोडी हमखास आढळते. अंगठ्यांच्या मखमली तबकावर दोघांची डोकी वाकलेली, मागे खुर्चीवर कुणाची तरी आई बसलेली, आणि सराफाने अंगठी पुढे केली की दोघांचीही नजर खड्याकडे न जाता दोऱ्याला बांधलेल्या त्या चिमुकल्या चिठ्ठीकडे जाते. मला त्यांचे हसू येत नाही. चिठ्ठीकडे आधी पाहणे हा नेहमीच लोभ नसतो. पुष्कळदा ते भय असते. आकडा लहान असला तर आपले प्रेम लहान ठरेल हे एक भय, आणि मोठा असला तर घर कसे चालेल हे दुसरे.

वचनाच्या अंगठीला किती किंमत असावी? प्रश्न बाजाराचा दिसतो. परंतु त्याच्या पोटात एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे, आणि तो सराफाला सोडवता येण्यासारखा नाही.

माझ्या आजीच्या साखरपुड्यात अंगठी नव्हती. मुलीला पाटावर बसवले, कपाळी कुंकू लावले, ओटी भरली आणि साखरेचा पुडा हाती दिला. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी चार माणसांदेखत होकार उच्चारला, वाङ्निश्चय झाला. वाणीने केलेला निश्चय! साखर त्याच संध्याकाळी मुलांच्या पोटात गेली, पुड्याचा कागद चुलीत गेला, आणि उरला तो केवळ शब्द. त्या शब्दावर आजीने बावन्न वर्षे संसार केला. 'तेव्हा सारे कसे साधे आणि पवित्र होते,' असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या पाटावर बसलेल्या मुलीला तिचा होकार कुणी विचारलाच नव्हता. आजच्या अंगठीत निदान दोघांनी एकमेकांना विचारलेले असते, आणि हे पाऊल निःसंशय पुढचे आहे.

अंगठी आपल्याला अगदीच परकी आहे असेही नाही. हनुमंताने अशोकवनात सीतेच्या हाती दिली ती रामाच्या नावाची मुद्रिका होती. दुष्यंताने शकुंतलेला दिली तीही त्याच्या नावाची. या दोन्ही अंगठ्या मौल्यवान होत्या, पण त्यांचे काम किंमत सांगण्याचे नव्हते, ओळख पटवण्याचे होते. जिने अंगठी पाहिली तिला माणूस ओळखू यावा, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित होते. गंमत अशी की महाभारतातल्या शकुंतलोपाख्यानात अंगठी नाहीच. ती कालिदासाची देणगी. व्यासांची शकुंतला भर सभेत उभी राहते ती रिकाम्या हाताने, आणि केवळ सत्याच्या बळावर राजाशी वाद घालते. मला वाटते, अंगठीचा सारा अर्थ या दोन शकुंतलांच्या मधे आहे. माणसे आपला शब्द कधीच विसरत नसती, तर अंगठीची गरज पडली नसती. अंगठी ही विसराळू माणसाने स्वतःसाठी ठेवलेली साक्षीदार आहे.

आता साक्षीदार श्रीमंतच असावा, असे कोण म्हणेल?

इतर समाजांकडे पाहिले तर हीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगितलेली आढळते. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी नोंदवून ठेवतो की त्याच्या काळातही वाग्दत्त वधूला पाठवायची अंगठी लोखंडाची असे आणि तिच्यात खडा नसे. ज्यू धर्मशास्त्राने तर या बाबतीत मोठा बारकाईचा विचार केला आहे. अंगठी वराच्या स्वतःच्या मालकीची हवी, आणि ती साधी, बिनखड्याची असावी. का? तर खड्याची किंमत डोळ्यांना सहज कळत नाही, आणि आपल्याला काय मिळते आहे याविषयी वधूच्या मनात गैरसमज राहता कामा नये. मोलाची अट केवळ एका क्षुद्र तांब्याच्या नाण्याएवढी. आपल्या कोकणात शतकानुशतके तेलाचा घाणा चालवणारे आणि मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत, ते याच धर्माचे. इस्लाममध्ये वराने वधूला मेहर द्यायचा असतो. परंतु ज्याच्यापाशी काहीच नव्हते त्याला पैगंबरांनी 'निदान लोखंडाची अंगठी तरी शोधून आण' असे सांगितले, आणि तीही मिळाली नाही तेव्हा त्याला पाठ असलेल्या कुराणाच्या भागावर विवाह लावून दिला, अशी हदीस प्रसिद्ध आहे. तीन समाज, तीन काळ. पण लोखंडाची लाज कुणालाच नाही.

मग ही लाज आली कोठून? तिचा जन्म पुष्कळसा अलीकडचा आहे, आणि त्याची तारीखही सांगता येते. दक्षिण आफ्रिकेत १८६७ साली हिरे सापडू लागले आणि पाहता पाहता ते इतके निघाले की भाव कोसळण्याची धास्ती पडली. १८८८ साली स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने पुरवठा आपल्या मुठीत धरला. मागणी मात्र निर्माण करावी लागणार होती. १९३८ साली हे काम अमेरिकेतल्या एन. डब्ल्यू. आयर या जाहिरातसंस्थेकडे गेले, आणि १९४७ साली तेथल्या फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी हिरा चिरंतन असल्याचे ते जगप्रसिद्ध वाक्य लिहिले. ज्यांच्या वाक्याने कोट्यवधी वाङ्निश्चय घडवले, त्या बाई स्वतः जन्मभर अविवाहित राहिल्या. पुढे जाहिरातींनीच सांगायला सुरुवात केली की अंगठीला पुरुषाचा इतक्या महिन्यांचा पगार लागावा. अमेरिकेत दोन महिन्यांचा, जपानमध्ये तीन! ज्या जपानमध्ये १९६७ साली शंभरातल्या पाच वधूंनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती, तेथे १९८१ च्या सुमारास साठांच्या बोटांत ती होती. एका पिढीच्या आत परंपरा तयार झाली, आणि ती मोडण्याचे भयही तिच्याबरोबरच जन्मले.

आपल्या देशाला हिरा नवा नाही. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः हिंदुस्थानच पुरवीत होता. पण आपल्या पूर्वजांना हिऱ्याची हौस होती तशी धास्तीही होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेवर एक अध्याय आहे. त्यात सदोष हिऱ्याने अनर्थ ओढवतो असे तर म्हटले आहेच, शिवाय पुत्राची इच्छा असलेल्या स्त्रियांनी हिरा मुळीच घालू नये, हे काहींचे मतही दिले आहे. एकाच खड्याला एक काळ अशुभ म्हणतो आणि दुसरा काळ त्याच्यावाचून मंगलकार्य अडवून धरतो. खडा तोच असतो. अर्थ आपण घालतो, आणि म्हणून अर्थाची जबाबदारीही आपलीच.

गेल्या वर्षी माझी धाकटी भाची हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. ती पुण्याची, मुलगा केरळमधल्या सीरियन ख्रिस्ती कुटुंबातला. त्यांच्यात वधूच्या गळ्यात 'मिन्नु' नावाचे सोन्याचे पानासारखे पदक बांधतात आणि त्यासाठी वधूला द्यायच्या साडीचेच धागे काढतात, हे तिने मला मोठ्या कौतुकाने सांगितले. मंगळसूत्र की मिन्नु हा वाद त्यांनी दोन्ही घालून मिटवला होता. अडले होते ते अंगठीपाशी. मुलाने हिऱ्याची अंगठी दोन वर्षांच्या हप्त्यांनी घ्यायचे ठरवले होते.

ती म्हणाली, "मामा, नको म्हटलं तर त्याला वाटेल, त्याचं देणं मला पटत नाही. हो म्हटलं तर ते हप्ते आमच्याच स्वयंपाकघरातून जाणार. मी काय करू?"

मी म्हणालो, "अगं, हे तू मला विचारतेस तसंच त्याला विचार की. हप्ते दोघांचे, तर प्रश्न एकट्या तुझा कसा?"

तिने विचारले. तेव्हा कळले की त्यालाही त्या हिऱ्याची विशेष ओढ नव्हती. कचेरीतल्या मैत्रिणी 'बघू हात' म्हणतील आणि हिला हात लपवावा लागेल, एवढीच त्याला काळजी होती. म्हणजे तिला हवी म्हणून तो घेत होता, आणि त्याला द्यायची म्हणून ती घेणार होती! दोघांच्या मधे बसून किंमत ठरवत होता तो कुणी तिसराच. अखेर दोघांनी सोन्याची साधी वळी घेतली आणि आतल्या बाजूला एकमेकांची नावे कोरून घेतली. सगळे गोड झाले असे मात्र नाही. थोरल्या सुनेला हिरा आणि हिला नुसते वळे, म्हणजे मराठी मुलगी आम्हाला कमी वाटली असे लोक म्हणतील, ही मुलाच्या आईची खंत पुष्कळ दिवस टिकली. ती खंत खोटी नव्हती. तिलाही आपल्या परीने सुनेचा मानच राखायचा होता.

आता कोणी म्हणेल, जे देताना काहीच लागत नाही, ते देणे कसले? त्यागावाचून प्रेमाची खूण पटणार कशी? हा आक्षेप हलका नाही. पाडव्याच्या ओवाळणीत नवरा तबकात काहीतरी घालतोच. 'माझे प्रेम आहे, तेच समज' असे सांगून सुटत नाही, आणि सुटू नये. परंतु त्याग आणि खर्च या दोन गोष्टी एक नव्हेत. या संदर्भात मला नेहमी सुदामा आठवतो. त्याचे पोहेसुद्धा स्वतःचे नव्हते. त्याच्या बायकोने ते शेजारीपाजारी मागून आणले होते. तेव्हा उसनवारी हेच काही पाप नव्हे. सुदाम्याचे खरे दुःख होते ते लाजेचे. द्वारकेचे वैभव पाहून त्याने ती पुरचुंडी लपवली. आणि कृष्णाने काय केले? 'कशाला त्रास घेतलास' असे म्हणून ते पोहे परत केले नाहीत. त्याने पुरचुंडी ओढून घेतली आणि सर्वांदेखत आवडीने खाल्ली. देणाऱ्याची लाज घेणाऱ्याने काढून घेतली.

अंगठीच्या साऱ्या चर्चेत आपण देणाऱ्याचेच कर्तव्य मोजत असतो: त्याने किती द्यावे, केवढे द्यावे. घेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे, आणि पाहणाऱ्यांचे तर त्याहून मोठे आहे. लहान देणे लहान वाटू न देणे, हे ते कर्तव्य. 'बघू हात' म्हणून बोट धरणाऱ्या प्रत्येकाने क्षणभर मनाशी विचारावे, मी हिचा आनंद पाहतो आहे, की तिच्या नवऱ्याचा पगार?

वराच्या अंगठीविषयी तर आपण अधिक प्रामाणिक व्हायला हवे. 'आमचे काही मागणे नाही, जावयाला तेवढी तोळ्याची अंगठी घाला' हे वाक्य कित्येक बैठकींत हसत हसत टाकले जाते, आणि मुलीचा बाप रात्री उशिरापर्यंत आकडेमोड करीत बसतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्यात १९८४ साली दुरुस्ती झाली, तेव्हा भेटवस्तूंना सूट देताना कायद्याने अट घातली की भेट मागितलेली नसावी, आणि वधूपक्षाची भेट रूढीतली व देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसावी. कायद्याची भाषा सहसा रुक्ष असते, पण येथे तिने एक नीतीचे माप दिले आहे: मोजायची ती देणाऱ्याची ऐपत, घेणाऱ्याची प्रतिष्ठा नव्हे.

अलीकडे प्रयोगशाळेत घडवलेले हिरे पुष्कळच स्वस्त मिळू लागले आहेत. तेही कार्बनचेच, नुसत्या डोळ्यांना खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळे ओळखू येत नाहीत, त्यासाठी उपकरणे लागतात. कोणी त्यांना खोटे म्हणते. माझ्या मते हिरा खोटा नसतो, सांगणे खोटे असू शकते. प्रयोगशाळेतला हिरा प्रयोगशाळेतला म्हणून दिला तर तो खराच; आणि खाणीतला हिरा घरापासून कर्ज लपवून दिला तर त्याचे तेज मला संशयास्पद वाटते. सोन्यावर ९१६ चा छाप असतो, तो बावीस कॅरेटची शुद्धता सांगतो. देण्याच्या शुद्धतेवर छाप मारणारे केंद्र कोठे नाही. तो छाप दोघांनी एकमेकांशी खरे बोलूनच मारायचा असतो.

जुने सोनार सोने गुंजांनी तोलत. शहाण्णव गुंजांचा तोळा. रानातल्या वेलीची तांबडी-काळी बी तराजूच्या एका पारड्यात, आणि दुसऱ्यात सोने. जगाच्या दुसऱ्या टोकाला रत्नांचे वजन 'कॅरेट' झाले तेही कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांवरून. माणसाने आपली सर्वांत महागडी वस्तू मोजायला सर्वांत फुकटची वस्तू निवडली, कारण मापाला किंमत नसते. त्याला फक्त खरे असावे लागते.

आणि ज्या बोटात आपण ही अंगठी घालतो, त्याला आपल्या भाषेत नावच नाही, ते अनामिक. धर्मकार्याला बसताना याच बोटात दर्भाचे पवित्रक घालतात. गवताच्या काडीचे ते कडे, मोल काही नाही, आणि कार्य संपताच ते सोडून टाकायचे. परंतु ते बोटात असेपर्यंत माणसाने खोटे बोलू नये, एवढी त्याची ताकद. लग्नाची अंगठी जन्मभर बोटात राहायची असते. तिच्यात हिरा असो, नुसते सोने असो किंवा लोखंड असो, गवताच्या त्या काडीइतके वजन तिला पेलता आले तरी पुष्कळ झाले.