प्लेटलेटचा आकडा आणि कर्माचा हिशेब



ज्यांच्या घरात सिकलसेलचा रोगी आहे त्यांना प्लेटलेट हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. रक्ताचा रिपोर्ट हाती आला की हिमोग्लोबिन पाहून झाल्याबरोबर नजर त्या आकड्यावर जाते. मागच्या खेपेस तीन लाख होता, आज नव्वद हजार आहे. मग घरातले एखादे वडीलधारे माणूस हळूच विचारते, "कोणाचे काय चुकले असेल?" हा प्रश्न धम्मदीक्षा घेतलेल्या घरातही विचारला जातो, हे आपण मान्य केले पाहिजे. भिंतीवरचे देव उतरले, तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, परंतु दुखणे आले की मनातला चित्रगुप्त वही उघडून बसतो.

पाप-पुण्याचा विचार करण्यापूर्वी तो आकडा कशाचा आहे ते नीट पाहू या. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या अतिशय बारीक पेशी. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. हाडांच्या मगजात त्या तयार होतात, आठ-दहा दिवस जगतात आणि नाश पावतात. त्यांच्यापैकी सुमारे तिसरा हिस्सा प्लीहेत, म्हणजे आपण जिला पानथरी म्हणतो तिच्यात, थांबलेला असतो.

सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्याचा मार लहानपणापासून पानथरीला बसतो. ती निकामी झाली की तेथे थांबणाऱ्या प्लेटलेट रक्तात फिरत राहतात आणि आकडा पाच लाखांच्या वरही जातो. घरचे लोक खूश होतात. वास्तविक त्यात खूश होण्यासारखे काही नसते. उलट एखादे वेळी पानथरी एकाएकी फुगते, रक्त तिच्यात कोंडले जाते, आणि हिमोग्लोबिन व प्लेटलेट दोन्ही कोसळतात. लहान मुलाच्या बाबतीत ही वेळ जीवावरची असते; पोट डाव्या बाजूला फुगले, मूल पांढरे पडले, तर सकाळची वाट न पाहता मेडिकल किंवा मेयो गाठावे. दुखण्याचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध मगजाचे काम मंद करते, म्हणून त्यानेही प्लेटलेट उतरू शकतात. त्यासाठीच ठरलेल्या मुदतीने रक्त तपासायचे असते. आकडा फार उतरला तर डॉक्टर गोळी काही दिवस थांबवतात आणि मात्रा बदलून पुन्हा सुरू करतात. आपण मात्र 'औषध गरम पडले' म्हणून ते कायमचे बंद करतो. पावसाळ्यात डेंगू-मलेरिया आहेतच. आणि कधी कधी तर नळीतल्या नळीत प्लेटलेटचे पुंजके होतात, यंत्राला ते मोजता येत नाहीत, आणि रोग्याला काही झालेले नसताना कागदावर आकडा कमी येतो. तेव्हा काचपट्टीवर पुन्हा पाहावे लागते.

आता सांगा, या सर्व कारणांत गेल्या जन्मीच्या पापाला कोठे जागा उरली?

हाच प्रश्न राजगृहाच्या वेळुवनात मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारला होता. माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मानेच होते, असे म्हणणाऱ्यांविषयी आपले मत काय? संयुत्त निकायात उत्तर नोंदलेले आहे. भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, निष्काळजी वागणूक, अचानक झालेला आघात अशी कारणे एकेक करून सांगितली. आठ कारणांत कर्मविपाक हे एक. सगळेच पूर्वकर्माने होते असे म्हणणारे लोक आपल्या अनुभवाच्या व जगाने मानलेल्या सत्याच्या पलीकडे जातात, असा त्यांचा अभिप्राय होता. बोधिसत्त्व बाबासाहेब 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याच्याही पुढे गेले. मुलाला वारसा मिळतो तो आईबापांकडून, हे आनुवंशिकतेचे शास्त्र पुढे ठेवून त्यांनी गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची चिकित्सा केली. सिकलसेल हे त्या विचाराचे आपल्याच घरातले उदाहरण आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते. दोघेही, हे लक्षात घ्या. सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणाऱ्या सासूबाईंनी आपल्या मुलाचेही रक्त तपासून आणावे.

हा आमच्याच जातीला लागलेला शाप आहे, असेही काही लोक म्हणतात. शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील या रोगलक्षणाविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले ते 1958 साली, दीक्षाभूमीवरील सोहळ्यानंतर दोनच वर्षांनी. पुढे गडचिरोलीचे माडिया, नंदुरबारचे भिल्ल-पावरा यांच्यातही तो आढळला. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही तो आहे. जेथे मलेरिया माजला होता तेथे वाहकांना त्याच्यापासून थोडे संरक्षण मिळाले, म्हणून हा गुण टिकला. डासाला जात कळत नाही. जातीतल्या जातीत लग्ने करून तो गुण कोंडून ठेवण्याचे काम मात्र माणसाने केले.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती थोडी कडू लागेल. आकडा उतरला की घाबरून कोणी दोरा बांधतो, कोणी भगताचा अंगारा लावतो. ताप ओसरल्यावर आठवड्याभरात आकडा बहुधा आपोआप वर येतो, आणि श्रेय अंगाऱ्याला मिळते. पण आपण परित्राणपाठ घेतला आणि आकडा वाढला म्हणून त्याच सुरात बोललो, तर भगतात आणि आपल्यात फरक काय राहिला? परित्राणपाठाने घाबरलेल्या आईचे मन स्थिर होते, ती रात्र निभावते. तेवढे पुष्कळ आहे. प्लेटलेटचे काम त्याला सांगू नये.

मग या रोगात नीतीचा प्रश्नच नाही काय? आहे, आणि तो चांगलाच अवघड आहे. रोग कसा येतो हे माहीत नव्हते तोवर कोणालाच दोष नव्हता. आता माहीत आहे. मुलीच्या तपासणीत 'वाहक' आले आणि स्थळ मोडेल म्हणून बापाने कागद पेटीत ठेवला, तर चौथ्या शीलाचे काय? मी त्या बापाला सहज दोषी म्हणू शकत नाही. वाहक मुलगी धडधाकट असते आणि तरीही लोक तिला नाकारतात. म्हणून दोष झाकणाऱ्याइतकाच नाकारणाऱ्याचाही आहे. मुलगा वाहक नसेल तर या लग्नातून सिकलसेलचा रोगी जन्मणार नाही, एवढे सोपे गणित सोयरिकीच्या बैठकीत कोणी मांडत नाही. दोघेही वाहक निघाले तर काय करायचे ते त्या दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, परंतु ते माहीत असून ठरवावे.

दुसरा प्रश्न शुश्रूषेचा. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्षूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, ही कथा विनयपिटकात आहे. इतर भिक्षू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. 'सर्व अनित्य आहे' हे त्यांनाही ठाऊक होतेच.

14 एप्रिलला आपले तरुण रांगा लावून रक्तदान करतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु लाल पेशी फार तर पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट अवघे पाच दिवस. सिकलसेलच्या रोग्याला बहुधा लाल पेशी लागतात, प्लेटलेट क्वचित. पण त्याला ऑगस्टमध्ये रक्त लागले तर एप्रिलचे रक्त उपयोगी पडत नाही. म्हणून प्रत्येक विहारात रक्तदात्यांची एक वही असावी. नाव, रक्तगट, फोन. आणि शेजारी आणखी एक रकाना आखावा: रात्री बोलावले तर येणार काय?